प्राथमिक शाळेत कृतीतून विज्ञान: नव्या अभ्यासक्रमाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यातील आमच्या प्राथमिक शाळेने तिसरी ते पाचवीच्या वर्गांसाठी विज्ञानाचा कृतिआधारित अभ्यासक्रम स्वीकारल्यापासून पालकसभेत, शिक्षकांच्या बैठकीत आणि आसपासच्या शाळांतील सहकाऱ्यांकडून काही प्रश्न सतत येत आहेत. त्यांची उत्तरे आम्ही, म्हणजे हे वर्ग शिकवणाऱ्या शिक्षकांनी, येथे एकत्र केली आहेत.

पाठ्यपुस्तक बदलणार आहे का?

नाही. या अभ्यासक्रमामुळे बालभारतीचे ‘परिसर अभ्यास’ हे पुस्तक किंवा त्यातील घटक बदलणार नाहीत. बदल आहे तो क्रमात आणि वेळेत. आतापर्यंत धडा आधी वाचला जाई, मग त्याचे स्पष्टीकरण होई आणि वेळ उरलाच तर प्रयोग दाखवला जाई. आता घटकाची सुरुवात मुलांच्या कृतीने होते. मुले काय घडेल याचा अंदाज लिहितात, स्वतः करून पाहतात, दिसले ते नोंदवतात, त्यावर आपसांत बोलतात आणि त्यानंतर पुस्तक उघडतात. यासाठी आठवड्यातून एकदा सलग दोन तासिका राखून ठेवल्या आहेत.

राज्यातील पाठ्यपुस्तके नव्या शैक्षणिक धोरणानुसार टप्प्याटप्प्याने बदलत आहेत आणि २०२५-२६ मध्ये पहिलीपासून त्याची सुरुवात झाली आहे. पुस्तक बदलले तरी ही पद्धत त्याला लागू करता येईल.

पुस्तकात ‘करून पहा’ आणि ‘सांगा पाहू’ आधीपासूनच आहेत. मग वेगळे काय?

हा सर्वांत योग्य प्रश्न आहे. पुस्तक लिहिणाऱ्यांनी ‘करून पहा’ या चौकटी मुलांनी करून पाहाव्यात म्हणूनच दिल्या आहेत, परंतु वर्गात त्यांचे काय होते हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. बहुतेक वेळा त्या मोठ्याने वाचल्या जातात, निष्कर्ष फळ्यावर लिहिला जातो आणि मुले तो वहीत उतरवून घेतात.

त्याचा परिणाम एका साध्या प्रसंगात दिसतो. चौथीच्या वर्गात ‘पाण्याची वाफ होते’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक मूल बरोबर लिहिते. त्याच मुलांसमोर स्टीलच्या ताटलीत चमचाभर पाणी ओतून ती खिडकीत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी कोरडी ताटली दाखवून पाणी कुठे गेले असे विचारले, की अनेक मुले सांगतात, ‘ताटलीत मुरले.’ एखादी मुलगी म्हणते, ‘बाई, स्टीलमध्ये पाणी मुरत असतं तर आमटी खाली गळली असती,’ आणि तेथून वर्गात खरा वाद सुरू होतो. मग एक ताटली झाकून आणि एक उघडी ठेवायची, एक पंख्याखाली आणि एक कपाटात ठेवायची, हे मुलेच सुचवू लागतात. परीक्षेतील वाक्य आणि मुलाच्या मनातील समजूत यांच्यातले हे अंतर केवळ समजावून सांगून मिटत नाही, म्हणून आम्ही हा बदल केला.

हा शासनाच्या धोरणाशी सुसंगत आहे का?

आहे. शिक्षणहक्क कायदा २००९ च्या कलम २९ मध्ये कृती, शोध आणि अन्वेषण यांतून शिकवण्याची अपेक्षा स्पष्टपणे मांडलेली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नेही अनुभवातून शिकण्यावर भर दिला आहे.

हा परदेशातून आणलेला प्रयोग तर नाही ना?

नाही. आपल्या देशात या कामाला पन्नास वर्षांहून अधिक परंपरा आहे आणि तिची माहिती शिक्षकांनीही करून घ्यावी असे आम्हांला मनापासून वाटते. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये ‘किशोर भारती’ आणि ‘फ्रेंड्स रुरल सेंटर’ या दोन संस्थांनी सोळा उच्च प्राथमिक शाळांत ‘होशंगाबाद विज्ञान’ सुरू केले. १९७८ मध्ये ते संपूर्ण जिल्ह्यात गेले आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने ते पुढे नेले. त्या शाळा खेड्यांतल्या होत्या, सरकारी होत्या, त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हत्या. तेथे सहावी ते आठवीची मुले चार-चारच्या टोळीत प्रयोग करत, परीक्षेला पुस्तक आणि वही सोबत नेत आणि प्रात्यक्षिकाची वेगळी परीक्षा देत. मुलांनी मनातले प्रश्न पत्राने विचारावेत यासाठी ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक पात्र निर्माण केले होते आणि मुलांच्या पत्रांना सवालीरामच्या नावाने उत्तरे जात.

आपल्या अगदी जवळ, मुंबईत मानखुर्दला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्राने प्राथमिक विज्ञानाचा कृतिआधारित अभ्यासक्रमही तयार केला आहे.

एखादा घटक प्रत्यक्षात कसा शिकवला जातो?

पाऊस या घटकाचे उदाहरण घेऊ, कारण ठाण्यात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि शाळा उघडते तीच पावसाच्या तोंडावर.

पहिल्या तासिकेत एकच प्रश्न असतो: काल रात्री किती पाऊस पडला, हे कसे सांगाल? ‘खूप’, ‘मासुंदा तलाव भरला एवढा’, ‘आमच्या गल्लीत घोट्यापर्यंत पाणी आले’ अशी उत्तरे येतात. गल्ली उतारावर असेल तर काय, नाला तुंबला असेल तर काय, अशा उलट प्रश्नांतून मोजण्याची गरज मुलांच्याच लक्षात येते. मग प्रत्येक गट शीतपेयाची दोन लिटरची बाटली घेतो. बाटलीचा वरचा निमुळता भाग शिक्षक कापून देतात आणि तो उलटा करून नरसाळ्यासारखा बसवला जातो. बाटलीचा तळ खाचखळग्यांचा असतो, त्यामुळे तळाशी लहान खडे टाकून सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी ओतायचे आणि तेथे शून्याची खूण करायची. शून्य तळाशी का नाही, या प्रश्नावर मुले बराच वेळ घालवतात आणि तो वेळ त्यांना द्यावा. बाहेरून मिलिमीटरची पट्टी चिकटवली की पर्जन्यमापक तयार होतो. तो गच्चीवर, भिंत, झाड आणि पत्र्याच्या पागोळ्या यांपासून दूर ठेवायचा आणि रोज एकाच वेळी नोंद घ्यायची.

खरी मजा पुढच्या आठवड्यात येते. रुंद बाटलीत जास्त पाणी जमते, म्हणजे तिने जास्त पाऊस दाखवायला हवा, असे बहुतेक मुलांना वाटते. रुंद आणि अरुंद, दोन्ही सरळ बाजूंची भांडी शेजारी ठेवल्यावर दोन्हींत पाण्याची उंची जवळजवळ सारखीच भरते. वर्गाला हे आधी पटत नाही. मुले पुन्हा मोजतात, एकमेकांच्या पट्ट्या तपासतात, भांडे तिरके होते अशी शंका काढतात. तोंड रुंद असेल तर पाऊस जास्त झेलला जातो, पण तो तेवढ्याच रुंद तळावर पसरतो, हे उत्तर एखाद्या गटाकडून आले की बाकीच्यांना ते शिक्षकांच्या स्पष्टीकरणापेक्षा अधिक पटते.

पाचवीत याला गणिताची जोड मिळते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. त्यावरून शाळेच्या गच्चीवर एका रात्रीत किती पाणी पडले, हे मुले काढतात. हवामान खाते चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढच्या पावसाला ‘जोरदार’, ११५.६ पासून पुढे ‘अतिजोरदार’ आणि २०४.४ च्या वर गेल्यास ‘अत्यंत जोरदार’ या वर्गात टाकते. बातम्यांतले हे शब्द मुले आपल्या बाटलीवरच्या खुणांशी जोडू लागतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, हा आकडा आपल्या बाटलीच्या उंचीशी ताडून पाहिल्यावर मुलांना त्या दिवसाची कल्पना येते. सूचना एवढीच, की जुलैमध्ये आपल्याकडे अशी बाटली एका रात्रीत भरून वाहू शकते, म्हणून जोराच्या पावसात दिवसातून दोनदा नोंद घ्यावी.

शाळा दोन अधिवेशनांत भरते. वेळ आणि जागा कशी जुळवायची?

साहित्याचे कपाट दोन्ही अधिवेशनांसाठी एकच असावे आणि किल्ली दोघांकडे असावी. काही घटकांत तर दोन अधिवेशने असणे उपयोगी पडते. सावलीचा प्रयोग त्यांपैकी एक आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर बेतलेली आहे आणि ठाणे साधारण ७३ अंशांवर आहे, त्यामुळे आपल्याकडे काठीची सर्वांत लहान सावली घड्याळातल्या बारा वाजता पडत नाही. ती वर्षभरात साधारण बारा वीस ते बारा पंचावन्न या दरम्यान पडते. नेमकी हीच वेळ सकाळची मुले घरी जाण्याची आणि दुपारची मुले येण्याची असते. सकाळच्या मुलांनी अंगणात खडूने केलेल्या खुणांपुढे दुपारच्या मुलांनी आपल्या खुणा करायच्या आणि दोन्ही नोंदी एकत्र मांडायच्या, असे आम्ही ठरवले आहे. हा घटक जानेवारी-फेब्रुवारीत घ्यावा. सूर्य थेट डोक्यावर येण्याचे दिवस आपल्याकडे मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस येतात. पहिला सुट्टीत जातो आणि दुसरा ढगांत.

वर्गात चाळीसहून अधिक मुले आहेत. गोंधळ होणार नाही का?

आवाज होईल. कायद्याने पहिली ते पाचवीसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक अपेक्षित आहे, पण वर्ग मोठा असला तरी चार-चार मुलांचे गट केल्यास काम चालते. गटात साहित्य आणणारा, करणारा, मोजणारा आणि लिहिणारा अशी कामे वाटून द्यावीत आणि ती दर आठवड्याला बदलावीत. न बदलल्यास एकच धीट मूल सर्व काही करते आणि मुलींच्या वाट्याला नेहमी लिहिण्याचे काम येते. हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहिले आहे आणि त्याकडे काटेकोर लक्ष देणे ही शिक्षकाची जबाबदारी आहे.

ज्या शिक्षकांनी स्वतः दहावीनंतर विज्ञान घेतले नाही, त्यांनी काय करायचे?

प्राथमिकच्या बहुतेक शिक्षकांची हीच स्थिती आहे आणि त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. प्रयोग वर्गात नेण्याआधी दोन-तीन शिक्षकांनी मिळून तो स्वतः करावा, एवढा एक नियम पाळला तरी निम्मी भीती जाते. आसपासच्या शाळांच्या समूहाच्या, म्हणजे केंद्राच्या, शिक्षण परिषदेत भाषणांपेक्षा या कामाला वेळ मिळावा, असा आमचा आग्रह आहे. मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल तर ‘मलाही माहीत नाही, कसे शोधता येईल?’ असे वर्गात म्हणावे. शिक्षकाबद्दलचा आदर यामुळे कमी होत नाही.

प्रयोग फसला तर?

फसण्याचे कारण शोधणे हाच त्या दिवसाचा धडा समजावा. एक नमुना सांगतो. जुन्या टॉर्चचे बारीक दिवे आता दुकानांत सहज मिळत नाहीत, म्हणून शिक्षक पांढरा एलईडी आणतात, एका पेन्सिल सेलला जोडतात आणि तो लागत नाही. सेल दीड व्होल्टचा असतो आणि पांढऱ्या एलईडीला साधारण तीन व्होल्ट लागतात. दोन सेल एकापाठोपाठ जोडले आणि एलईडीचा लांब पाय धन बाजूला लावला की तो उजळतो. पाय उलटे लावले की पुन्हा विझतो. जुना दिवा मात्र कसाही जोडला तरी लागत असे. मुलांना हे सारे आधी न सांगता सेल, तारा आणि एलईडी हातात दिल्यास ती स्वतः इथपर्यंत पोहोचतात. नऊ व्होल्टचा चौकोनी सेल मात्र देऊ नये. त्याने एलईडी जळतो.

साहित्यावर खर्च किती येतो? पालकांना काही आणावे लागेल का?

विकत घ्यायच्या वस्तू मोजक्या आहेत: हातभिंगे, तापमापक, ताणकाटे, सेल, तारा, चुंबक आणि मोजपात्रे. बाकी बाटल्या, झाकणे, सुतळी, कडधान्ये, मीठ, हळद हे सहज जमते. महागडे तयार संच घेण्याची गरज नाही. त्यातली एक वस्तू हरवली की संपूर्ण संच कपाटात पडून राहतो.

पालकांकडून आदल्या रात्री वस्तू मागवायच्या नाहीत, हे आम्ही पक्के ठरवले आहे. तसेच दुकानातून तयार मिळणारे ज्वालामुखीचे किंवा सूर्यमालेचे थर्माकोलचे नमुने प्रकल्प म्हणून स्वीकारले जाणार नाहीत. ते बहुधा आई-वडील रात्री जागून पुरे करतात आणि मुलाला त्यातून काहीच मिळत नाही. मुलाने स्वतः मोजलेल्या आठवड्याभराच्या नोंदी, वाकड्यातिकड्या अक्षरात का असेनात, आम्हांला अधिक मोलाच्या वाटतात.

मुलांच्या सुरक्षिततेचे काय?

घरातील विजेच्या जोडणीशी कोणताही प्रयोग होणार नाही. घड्याळातले चपटे बटण सेल वर्गात आणले जाणार नाहीत, कारण लहान मुलाने तो गिळल्यास अन्ननलिकेला गंभीर इजा होते. पाऱ्याचे तापमापक वापरू नयेत; लाल द्रवाचे वापरावेत. भिंगातून किंवा उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहायचे नाही. मेणबत्ती फक्त शिक्षकांच्या टेबलावर पेटेल आणि कापण्याचे काम शिक्षक करतील.

पावसाळ्यात आणखी एक काळजी आवश्यक आहे. डेंग्यू पसरवणारा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत अंड्यातून डास तयार होतो. म्हणून पाण्याची प्रत्येक बरणी कापडाने बांधावी आणि आठवड्यातून एकदा सर्व भांडी रिकामी करून पुसून कोरडी करावीत. पर्जन्यमापकही त्याला अपवाद नाही.

क्षेत्रभेटीसाठी कुठे जावे?

आधी शाळेच्या आवारातच. कुंपणाच्या भिंतीवरचे शेवाळ कोणत्या बाजूला दाट आहे, हे पाहायला बस लागत नाही. त्यानंतर जवळचा तलाव. ठाण्यात त्यांची उणीव नाही. खाडी मात्र एकदा तरी दाखवावी. ठाणे खाडीच्या रोहित पक्षी अभयारण्याची घोषणा २०१५ मध्ये झाली आणि २०२२ मध्ये ते महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आले. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून खारफुटी जवळून पाहता येते. चिखलातून वर आलेली श्वसनमुळे दिसल्यावर मुळे जमिनीखालीच असतात हे पाठ केलेले वाक्य मुले स्वतःच दुरुस्त करतात. नवी मुंबईतील शाळांना वाशी-बेलापूरचे धारण तलाव जवळ आहेत. भरतीच्या वेळी खाडीचे पाणी शहरात शिरू नये आणि त्या वेळी पडलेला पाऊस साठून ओहोटीला बाहेर जावा, यासाठी ते बांधलेले आहेत. मुलांनी भरती-ओहोटीच्या वेळा लिहून तेथे जावे. येऊरला जाण्यापूर्वी वनविभागाची परवानगी घ्यावी, कारण तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे.

गुण कसे देणार? शिष्यवृत्तीचे काय?

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक, म्हणजे शिकणे चालू असतानाच केल्या जाणाऱ्या, मूल्यमापनाची जी साधने दिली आहेत त्यांत दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम आणि प्रकल्प ही सर्व आहेत आणि तिसरी-चौथीसाठी आकारिक मूल्यमापनाचा भारांश ६० टक्के ठेवलेला आहे. म्हणजे नियमांत जागा पुरेशी आहे; ती प्रामाणिकपणे वापरण्याचा प्रश्न आहे. आम्ही वहीतील नोंद पाहतो, गटात मूल काय बोलते ते ऐकतो आणि सत्राच्या शेवटी प्रत्येक मुलाला एक छोटी कृती करायला देतो. उदाहरणार्थ, तीन प्रकारची माती देऊन कोणत्या मातीतून पाणी लवकर निथळते हे शोधण्यास सांगतो. तिन्हींत सारखेच पाणी ओतण्याचे ज्या मुलाला न सांगता सुचले, त्याला विज्ञान समजू लागले असे आम्ही मानतो.

पाचवीला वार्षिक परीक्षा आहे आणि तिची लेखी तयारी पूर्वीप्रमाणेच होईल. शिष्यवृत्ती परीक्षेत प्राथमिक स्तरावर विज्ञानाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका नसते, त्यामुळे तिच्यावर काहीही परिणाम होत नाही.

एवढा वेळ दिल्यावर अभ्यासक्रम पूर्ण होईल का?

पहिली ते पाचवीसाठी वर्षात किमान दोनशे दिवस आणि आठशे तास अध्यापन अपेक्षित आहे. त्यात सर्वच घटक सारख्या सावकाशीने करता येणार नाहीत, हे मान्य करूनच नियोजन केले आहे. पाणी, हवा, माती, बी आणि अंकुर, सावली, अन्न टिकवणे हे घटक हातांनी करण्याजोगे आहेत, त्यांना वेळ मिळेल. अवयवांची अंतर्गत रचना किंवा ग्रहांची माहिती वाचून, चित्रे पाहून शिकवली जाईल. दुर्बिणीतून किंवा सूक्ष्मदर्शकातूनच दिसणाऱ्या गोष्टींसाठी चित्रफितीही वापरू, मात्र जे वर्गात करून पाहता येते त्याची चित्रफीत दाखवणार नाही.

सेमी इंग्रजीच्या वर्गात हे कसे चालेल?

गटातली चर्चा मुलांना सहज येणाऱ्या भाषेत होऊ द्यावी, मग ती मराठी असो, हिंदी असो वा दोन्हींची सरमिसळ. इंग्रजी संज्ञा प्रयोगानंतर द्याव्यात. वहीतील पहिली नोंद शुद्धलेखनासाठी तपासू नये.

विशेष गरजा असलेल्या मुलांना यात भाग घेता येईल का?

येईल, आणि घेता आलाच पाहिजे. कमी दिसणाऱ्या मुलासाठी पट्टीवर दोऱ्याच्या गाठी बांधून मोजमाप करता येते. पाणी निथळण्याचा वेग थेंबांच्या आवाजावरून कळतो. गटरचना करताना या मुलांना शेवटी कुठेतरी बसवू नये.

पालकांनी घरी काय करावे?

मूल घरी येऊन विचारेल, तेव्हा लगेच उत्तर देऊ नये. ‘तुला काय वाटते?’ असे विचारावे आणि मटकीला मोड यायला किती तास लागले याची नोंद घेण्यासारख्या साध्या गोष्टींत त्याला स्वयंपाकघरात उभे राहू द्यावे. वहीत काहीही लिहून देऊ नये.

दोन वर्षांनी हे बंद पडणार नाही कशावरून?

अशी भीती निराधार नाही. होशंगाबादचा कार्यक्रम तीस वर्षे चालून शेकडो शाळांत पोहोचला होता, तरी २००२ मध्ये शासनाच्या एका निर्णयाने तो थांबला. शाळेच्या हातात जे आहे ते मात्र करता येते. आमच्याकडे प्रत्येक घटकाची एक फाइल आहे; तीत साहित्याची यादी, मुलांनी विचारलेले प्रश्न आणि काय जमले नाही याची नोंद असते, जेणेकरून शिक्षकांची बदली झाली तरी नव्या शिक्षकांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागू नये. साठा नोंदवही दर महिन्याला तपासली जाते आणि संपलेले साहित्य मार्चमध्येच मागवले जाते, कारण जूनमध्ये मागवलेले साहित्य वर्गात पोहोचेपर्यंत पावसाचा घटक निघून जातो.

इतर शाळांतील शिक्षकांना वर्ग पाहता येईल का?

अवश्य. आदल्या आठवड्यात मुख्याध्यापकांना कळवून जोडतासिकेच्या दिवशी यावे आणि मागच्या बाकावर न बसता एखाद्या गटासोबत जमिनीवर बसावे. पाहुण्यांसाठी वेगळा आदर्श पाठ घेतला जाणार नाही. त्या आठवड्यात जे चालू असेल तेच पाहायला मिळेल.